कठीण पृष्ठभागावरचं लिपिडचं पटल: स्पेक्ट्रममध्ये नेमकं काय दिसतंय?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी एमएस्सीचा प्रकल्प करणाऱ्या विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: "मॅडम, डीएमपीसी हे लिपिड क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवून एफटीआयआरच्या डायमंड एटीआरवर वाळवलं. ५ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरचं द्रावण, ५ मायक्रोलिटर. वर फॉस्फेट बफरचा थेंब ठेवला. पट्टे सुंदर आले. पण सीएच-टूचा पट्टा सकाळी २८५० ला येतो आणि दुपारी २८५२-५३ ला. मशीन बिघडलंय का? दुसरं, प्रोफेनोफॉसची दुकानातली बाटली आणून तिचं पाण्यातलं द्रावण टाकलं की पट्टा खाली बसतो. कीटकनाशकानं पटल फोडलं, असं लिहू का? आणि माझं पटल एकच बायलेअर आहे हे परीक्षकांना कसं पटवू?"

नव्या वाचकांसाठी दोन ओळी: लिपिड म्हणजे पेशीच्या पटलातले स्निग्ध रेणू, प्रत्येकाला पाणी आवडणारं डोकं आणि तेलकट शेपट्या; डीएमपीसी त्यांतलंच एक. शेपट्या आत करून दोन थर समोरासमोर बसले की ते बायलेअर. एफटीआयआर हे इन्फ्रारेड प्रकाश कुठे शोषला जातो ते मोजणारं यंत्र, आणि डायमंड एटीआर म्हणजे नमुना हिऱ्याच्या क्रिस्टलवर ठेवून खालून मोजायची सोय. पट्ट्यांचे आकडे तरंगसंख्येचे, प्रति सेंटीमीटरमध्ये. सीएच-टू हा शेपटीतला कार्बन-हायड्रोजनचा गट, आणि बफर म्हणजे आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण.

बेटा, आधी मशीनचं सांगते, कारण तुझ्या वहीतली सगळ्यात मोलाची गोष्ट तीच आहे आणि तू तिला बिघाड समजून बसली आहेस.

मशीन ठीक असावं. एफटीआयआरच्या आत एक लेझर असतो, बहुधा हेलियम-निऑनचा, आणि तरंगसंख्येचं मोजमाप त्याच्यावरच बांधलेलं असतं. ते दिवसातून दोन-तीन आकड्यांनी सहसा हलत नाही. तरी खात्री करून घे. मशीनसोबत पॉलिस्टायरीनची पातळ फिल्म येते, तिचा १६०१ प्रति सेंटीमीटरचा पट्टा सकाळी घे आणि दुपारी घे. तो जागेवर असेल तर हललंय ते तुझं लिपिड.

आणि ते हलणारच. डीएमपीसी सुमारे २४ अंश सेल्सिअसला अवस्था बदलतं. त्याच्या खाली शेपट्या सरळ, ताठ, एकमेकींना चिकटून उभ्या असतात. तुराट्यांची करकचून बांधलेली मोळी डोळ्यांसमोर आण. २४ च्या वर त्याच शेपट्यांना जागोजागी बाक येतात, मोळी सैल पडते, पटल द्रवासारखं वागू लागतं. शेपटीतल्या सीएच-टू गटाचं सममित ताणकंपन ताठ अवस्थेत २८५० च्या आसपास असतं, सैल अवस्थेत २८५२-५३ वर सरकतं. असममित कंपन २९१८ वरून २९२३-२४ कडे जातं. डिसेंबरात आपल्याकडे सकाळी आठला प्रयोगशाळेत सोळा-सतरा अंश असतात आणि दुपारी दोनला पत्र्याखालच्या खोलीत सत्तावीस-अठ्ठावीस. म्हणजे तुझं पटल रोज सकाळी गोठतं आणि रोज दुपारी वितळतं. तुझ्याकडे तापमान-नियंत्रक नाही याची खंत तू लिहिली आहेस. हवेनंच तो प्रयोग तुला करून दिला आहे.

यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. सुकं डीएमपीसी २४ अंशांना वितळत नाही, त्याला बरंच जास्त तापमान लागतं. पाणी डोक्याच्या गटांमध्ये शिरून त्यांना दूर सारतं तेव्हाच वितळणबिंदू २४ वर येतो. तुझा पट्टा दुपारी सरकला, म्हणजे थेंबातलं पाणी थरांत नीट मुरलं होतं. हा पुरावा तुझ्या हातात आहे, प्रबंधात लिही.

आता हे मुद्दाम करून पाहा. साधा डिजिटल थर्मामीटर क्रिस्टलच्या पोलादी तबकडीला चिकटव. सकाळी सातपासून दुपारी तीनपर्यंत दर पंधरा मिनिटांनी स्पेक्ट्रम घे, थेंब सुकू नये म्हणून वर काचेची छोटी टोपी ठेव. पट्ट्याची जागा फक्त शेंड्यावरून वाचू नकोस. शेंड्याजवळच्या वरच्या भागाचा गुरुत्वमध्य काढ. मग मशीनचं रिझोल्यूशन ४ प्रति सेंटीमीटर असलं तरी एक दशांशापर्यंतचा फरक धरता येतो. तापमान आडव्या अक्षावर, जागा उभ्या अक्षावर. एस आकाराची वक्ररेषा मिळाली पाहिजे, तिचा मध्य २४ च्या आसपास. हीच युक्ती मे महिन्यात डीपीपीसी या जरा लांब शेपट्यांच्या लिपिडवर चालते. त्याचा बिंदू ४१ अंश आहे आणि विदर्भातली बंद खोली मे महिन्यात ४१ ओलांडते हे तुला वेगळं सांगायला नको. सोयाबीनच्या लेसिथिनवर मात्र हे करायला जाऊ नकोस. त्याच्या शेपट्यांत दुहेरी बंध भरपूर, त्यामुळे ते आपल्याकडच्या कुठल्याही ऋतूत सैलच असतं. त्याची खूण वेगळी आहे: ३०१० ला दुहेरी बंधाशेजारच्या सीएचचा छोटा पट्टा दिसतो. लिपिड हवेत खवट होऊ लागलं की तो झिजतो. बाटली जुनी असेल तर आधी तिथे नजर टाकत जा.

आता एकच बायलेअर का, या प्रश्नाकडे येते. इथे तुला वाईट वाटेल, पण हिशेब करूनच पाहू. ५ मायक्रोलिटर गुणिले ५ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर म्हणजे २५ मायक्रोग्रॅम लिपिड. थेंब पसरून पाच मिलिमीटर व्यासाचा झाला असं धर, म्हणजे क्षेत्रफळ ०.२ चौरस सेंटीमीटर. म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला १२५ मायक्रोग्रॅम. डीएमपीसीच्या एका रेणूला पटलात सुमारे ०.६ चौरस नॅनोमीटर जागा लागते, रेणुभार ६७८. यावरून एका बायलेअरचं वजन निघतं दर चौरस सेंटीमीटरला सुमारे ०.३८ मायक्रोग्रॅम. भागाकार कर. तुझ्या क्रिस्टलवर एकावर एक असे तीनशेहून जास्त बायलेअर बसले आहेत.

आणि एटीआरचा किरण त्यांतले सगळे पाहतही नाही. प्रकाश क्रिस्टलच्या आतून पृष्ठभागावर आदळून परत फिरतो, बाहेर डोकावतो तो फक्त विरत जाणारा भाग. डायमंडचा अपवर्तनांक २.४, कोन ४५ अंश, २९२० चा पट्टा. या आकड्यांनी प्रकाश शिरण्याची खोली येते सुमारे ०.६ मायक्रोमीटर. पाण्यानं फुगलेले थर साधारण सहा-सहा नॅनोमीटरला एक, म्हणजे तुला मुख्यतः खालचे शंभरेक दिसतात. जर्मेनियम वापरलं तर त्याचा अपवर्तनांक ४, खोली ०.२२ मायक्रोमीटरवर येते. पाण्याचा गोंगाट कमी होतो, पृष्ठभागालगतचं जास्त स्वच्छ दिसतं. पाण्याखालच्या पटलांवर काम करणारे जर्मेनियम किंवा सिलिकॉन का पसंत करतात, ते यावरून कळेल.

एका खऱ्या बायलेअरच्या सीएच-टूच्या पट्ट्याची उंची, म्हणजे शोषणांक, एका परावर्तनाला हजारांशाच्या घरात असते, ०.००१ ते ०.००३. तुझा पट्टा ०.२ चा आहे. परीक्षक जाणकार असतील तर उंची पाहूनच ओळखतील. म्हणून "एक बायलेअर" हे शब्द काढ आणि "पाण्यात फुगवलेले अनेक थर" असं लिही. त्यात कमीपणा काहीच नाही. थरांच्या गठ्ठ्यावर खूप चांगलं विज्ञान झालेलं आहे. फक्त त्याला एकट्या पटलाचं नाव देऊ नये.

एकटं पटल हवं असेल तर ते पाण्यातून आणावं लागतं, क्लोरोफॉर्ममधून नाही. १९८० च्या दशकात स्टॅनफर्डला मॅकॉनेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे दाखवलं: लिपिडचे बारीक फुगे स्वच्छ काचेवर सोडले की ते पृष्ठभागाला चिकटतात, फुटतात आणि सपाट एकसंध पटल पसरतं. टॅम आणि मॅकॉनेल यांचा १९८५ चा लेख या कामाचा पाया मानतात. पटल काचेला थेट चिकटलेलं नसतं, मध्ये एक-दोन नॅनोमीटर पाण्याचा पापुद्रा असतो. त्यामुळे लिपिडचे रेणू आडवे फिरत राहतात, जिवंत पेशीच्या पटलासारखे. गॉर्टर आणि ग्रेंडेल यांनी १९२५ मध्ये रक्ताच्या तांबड्या पेशींतलं लिपिड पाण्यावर पसरून मोजलं आणि ते पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट भरलं. त्यावरून पटल दुहेरी आहे हे कळलं. तेच दुहेरी पटल आज आपण काचेवर हवं तसं मांडू शकतो, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

करायचं कसं? डीएमपीसी वाळवून बफरमध्ये २४ अंशांच्या वर, तीस-पस्तीसला, मुरू दे. मग सॉनिकेटरमध्ये (ध्वनिलहरींनी घुसळणाऱ्या यंत्रात) दुधाळ द्रावण जवळजवळ पारदर्शक होईपर्यंत ठेव, किंवा १०० नॅनोमीटर छिद्रांच्या पडद्यातून ते विषम वेळा, समज ११ वेळा, दाबून काढ. विषम वेळा अशासाठी, की शेवटचा माल नेहमी गाळलेल्या बाजूला राहतो. बफरमध्ये मीठ १५० मिलिमोलर ठेव. लिपिडवर ऋण भार असेल तर दोन-एक मिलिमोलर कॅल्शियम मदत करतं. आणि सगळं काम वितळणबिंदूच्या वर कर. गोठलेले फुगे नीट फुटत नाहीत.

पृष्ठभागाचा स्वभाव महत्त्वाचा. सिलिकॉनवर जी नैसर्गिक ऑक्साइडची साय असते तिच्यावर फुगे फुटतात. सोन्यावर आणि टायटॅनियम डायऑक्साइडवर ते बहुधा न फुटता नुसते बसून राहतात. डायमंडवर तर मी एकट्या पटलाच्या भरवशावर राहणार नाही. म्हणून विद्यापीठात आडव्या एटीआरची सिलिकॉन किंवा जर्मेनियमची दहा परावर्तनांची पट्टी मिळते का ते विचार. दहा परावर्तनांनी हजारांश शतांशात येतो, मग काम जमतं. आय-स्टेम या सरकारी पोर्टलवर देशभरातली उपकरणं शोधता येतात, तिथेही बघ. पट्टी धुताना घाई करू नको. साबणाचं द्रावण, मग भरपूर ऊर्ध्वपातित पाणी, मग इथेनॉल, मिळालं तर यूव्ही-ओझोन. धुतल्यावर पट्टी तिरपी धर. पाणी अखंड चादरीसारखं उतरलं तर पृष्ठभाग स्वच्छ. कुठे थेंब गोळा होऊन थबकला, तर तिथे तेलकटपणा आहे, परत धू. जर्मेनियम ठिसूळ असतं, बेसिनवर धुताना खाली जाड टॉवेल अंथर.

पटल एकच आहे याचे पुरावे मी असे मागेन. पहिला, फुगे सोडल्यावर पट्टा वाढतो आणि थांबतो. द्रावण दुप्पट घट्ट घेतलं तरी त्याच उंचीवर थांबतो. दुसरा, साध्या बफरनं धुतल्यावरही तो तसाच राहतो. तिसरा पुरावा तुझ्या कॉलेजात सहज होईल: शेवटी बीएसए, म्हणजे गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन सोड. उघड्या पृष्ठभागावर ते चिकटतं आणि १५५० ला प्रथिनाचा पट्टा उगवतो. पटल अखंड असेल तर तो जवळजवळ येतच नाही. पटलात भोकं किती, हे त्यावरून कळतं. एखाद्या मोठ्या प्रयोगशाळेत क्वार्ट्झचा सूक्ष्मतराजू (स्फटिकाच्या कंपनातल्या घटीवरून थराचं वजन सांगणारा) असेल तर ५ मेगाहर्ट्झच्या स्फटिकावर सुमारे २६ हर्ट्झची घट आणि अगदी थोडी ऊर्जाहानी, ही एकट्या बायलेअरची सही समजतात. फुगे न फुटता बसले असतील तर घट याच्या कितीतरी पुढे जाते.

बफरबद्दल मला कळकळीनं सांगायचंय. फॉस्फेट बफर वापरू नकोस. लिपिडच्या डोक्यातल्या फॉस्फेटचे पट्टे १०८५-९० आणि १२२०-१२४० ला येतात आणि बफरचा फॉस्फेटही १०८० च्या आसपास बोलतो. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी तीन महिने एका पट्ट्याच्या सरकण्याचा अर्थ लावत बसले होते, तो पट्टा बफरचा निघाला. ते तीन महिने परत आले नाहीत. त्याऐवजी ट्रिस नावाचा बफर घे आणि आधी नुसत्या बफरचा स्पेक्ट्रम घेऊन तो बॅकग्राउंड म्हणून वापर.

पाण्याचं वेगळंच दुखणं. १६४५ ला पाण्याचा मोठा पट्टा असतो आणि त्याच्याशेजारी १७३५-४० ला लिपिडच्या एस्टरमधल्या कार्बोनिलचा, म्हणजे कार्बन-ऑक्सिजन दुहेरी बंधाचा. हा कार्बोनिलचा पट्टा खरं तर दोन पट्ट्यांची जोडी आहे: १७४२ जवळचा कोरडा, १७२८ जवळचा पाण्याशी हायड्रोजन-बंध जोडलेला. पटलात पाणी किती खोल शिरलंय ते या दोघांच्या प्रमाणावरून समजतं. ते स्वच्छ पाहायचं तर जड पाणी, म्हणजे डी-टू-ओ लागतं. पण डी-टू-ओचा स्वतःचा पट्टा १२१० ला येतो आणि फॉस्फेट झाकून टाकतो. म्हणून कार्बोनिलसाठी जड पाणी, फॉस्फेटसाठी साधं पाणी, असे दोन वेगळे प्रयोग ठेव. जड पाण्याची बाटली पावसाळ्यात उघडी ठेवलीस तर ती हवेतली ओल ओढते, १४५० ला मिश्र पाण्याचा पट्टा येतो आणि १४६८ चा सीएच-टूचा पट्टा बिघडवतो.

ओलीचा विषय निघाला म्हणून कुलरचं सांगते. आपल्याकडे एप्रिल लागला की प्रत्येक खोलीत वाळ्याचा कुलर सुरू होतो, प्रयोगशाळेतही. आमच्या जुन्या खोलीत तो एफटीआयआरच्या अगदी समोर होता. मशीनच्या आतला बीमस्प्लिटर (किरण दोन भागांत विभागणारी चकती) पोटॅशियम ब्रोमाइडचा असतो, मिठासारखा ओल धरणारा. दोन उन्हाळ्यांत तो धुरकट झाला आणि सिग्नल निम्म्यावर आला. कुलरचं तोंड दुसरीकडे वळव, मशीनच्या आतली सिलिका जेलची पुडी निळ्याची गुलाबी झाली की लगेच भाजून घे, आणि मशीन रात्रीही चालू ठेवता आलं तर ठेव, आतली ऊब ओल लांब ठेवते. स्पेक्ट्रममध्ये १३०० ते १९०० च्या दरम्यान दाट बारीक काटे दिसले तर ती बाष्पाची रेघ आहे, लिपिडची नाही.

आता प्रोफेनोफॉस. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात गेले. तू हा विषय का घेतलास ते मला न विचारताही कळलं. म्हणूनच तुझा निष्कर्ष चुकू नये असं मला फार वाटतं.

दुकानातल्या बाटलीवर "ईसी" लिहिलेलं असतं, पाण्यात मिसळून पायस होणारं द्रावण. ते पाण्यात ओतलं की ड्रममधलं पाणी दुधासारखं पांढरं होतं, हे तू लहानपणापासून बांधावर पाहिलं असशील. तो पांढरेपणा आतल्या साबणासारख्या रेणूंचा, पायसकारकांचा परिणाम आहे. तेच रेणू लिपिडचं पटलही विरघळवून सुट्टं करतात. शिवाय बाटलीत सेंद्रिय द्रावक असतं. म्हणजे पट्टा खाली बसवणारे तीन उमेदवार झाले: कीटकनाशक, पायसकारक, द्रावक. चौथा उमेदवार म्हणजे तुझे थर. तीनशे थर पाण्यात आणखी फुगले की वरचं लिपिड किरणाच्या पल्ल्याबाहेर जातं आणि काहीही न फुटता पट्टा लहान होतो. म्हणून "पटल फोडलं" असं आत्ता लिहू नकोस.

शुद्ध, विश्लेषणासाठीचं प्रोफेनोफॉस मागव. पाण्यात ते लिटरमागे सुमारे २८ मिलिग्रॅमच विरघळतं, त्याच्या पलीकडे गेलीस तर सुटे थेंब क्रिस्टलवर बसून फसवे पट्टे देतील. थोड्या इथेनॉलमधून मिसळत असशील तर तेवढंच इथेनॉल एकटं टाकून एक नियंत्रण प्रयोग कर. पट्ट्याच्या उंचीवर भरवसा ठेवू नको, जागा आणि आकार बघ: सीएच-टू २८५० वरून वर सरकतो का, २४ अंशांचा वितळणबिंदू खाली येतो का, कार्बोनिलच्या जोडीतलं प्रमाण बदलतं का. प्रोफेनोफॉसला पाण्यापेक्षा तेलकट जागा हजारो पटींनी जास्त आवडते, त्यामुळे ते पटलात शिरून शेपट्या सैल करेल अशी माझी अपेक्षा आहे. पण सकाळ-दुपारच्या फरकानंही पट्टा तेवढाच सरकतो, म्हणून तापमान नोंदवलेलं नसेल तर तुझे आकडे कुणालाच वापरता येणार नाहीत. त्या बाटलीचं नियंत्रणही ठेव. कीटकनाशक नसलेलं, फक्त पायसकारक असलेलं द्रावण पटलाचं काय करतं ते मोज. फवारणाऱ्याच्या अंगावर बाटलीतलं सगळंच सांडतं, त्यामुळे तो निकाल कदाचित जास्त उपयोगाचा ठरेल.

एक गोष्ट मात्र ठरवून घे. तुला कातडीतून विष शिरतं ते पाहायचंय, की ते पेशीच्या पटलात काय करतं ते? कातडीच्या सगळ्यात वरच्या मृत थरातलं लिपिड डीएमपीसीसारखं नसतं. तिथे सिरामाइड, कोलेस्टेरॉल आणि मुक्त मेदाम्लं असतात. डीएमपीसी हा पेशीच्या पटलाचा नमुना आहे, कातडीचा नाही. आणि या गटातल्या विषांचा खरा घाव मज्जासंस्थेतल्या कोलिनेस्टरेज विकरावर होतो, पटल ही वाटेतली पायरी आहे. प्रस्तावनेत हे स्पष्ट लिही. नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की शेतकरी पटल फाटल्यामुळे मेले.

ध्रुवित प्रकाशाचं तू विचारलं नाहीस, पण जर्मेनियमची पट्टी मिळाली तर तारजाळीचा पोलरायझर (एकाच दिशेत कंपणारा प्रकाश जाऊ देणारी गाळणी) लावून बघ. एकदा प्रकाशाचं विद्युतक्षेत्र आपतन-प्रतलात (किरण ज्या पातळीत येतो-जातो तिच्यात), एकदा त्याला लंब, आणि दोन्ही शोषणांचा भागाकार. ४५ अंशांच्या जर्मेनियमवर, जाड थराचं सूत्र धरून, रेणू कसेही पडलेले असतील तर हा आकडा २ येतो. शेपट्या पूर्ण उभ्या असतील तर सीएच-टूसाठी ०.८५ च्या आसपास. तुझा आकडा या दोहोंच्या मध्ये कुठे पडतो यावरून शेपट्यांचा कल समजतो. सूत्र पातळ थराचं धरलं की जाड थराचं, ते मात्र लिहायचं, कारण उत्तर त्यावर हलतं.

शुद्ध प्रोफेनोफॉससुद्धा हातमोजे घालून, फ्यूमहुडमध्येच हाताळायचं. हुड चालत नसेल तर प्रयोग पुढे ढकल, मी मार्गदर्शकांशी बोलेन. तोवर पॉलिस्टायरीनचे सकाळ-दुपारचे दोन स्पेक्ट्रम आणि थर्मामीटरसकट डीएमपीसीची एका दिवसाची मालिका पाठव. थंडी आहे तोवरच ती मालिका मिळेल. उन्हाळा तापू लागला की सकाळसुद्धा २४ च्या वर जाईल.